उंटिणीचं दूध : खरं काय आणि ऐकीव काय?



मागच्या पालकसभेनंतरची गोष्ट. सभा संपली, सह्या झाल्या, वर्ग रिकामा झाला. एक आई मात्र दाराशीच घुटमळत उभी होती. तिचा मुलगा स्वमग्न आहे. बोलतो अगदी कमी, पण चित्रं छान काढतो. वडील चाकणहून गाड्या भरून राजस्थान-गुजरातकडे जाणाऱ्या कंटेनरवर ड्रायव्हर आहेत.

"मॅडम, एक विचारायचं होतं. ह्यांनी येताना उंटिणीचं दूध आणलंय. रस्त्याकडेला उंटवाले होते, त्यांनी समोर धार काढून दिली. आमच्या ग्रुपवर आलंय, या दुधाने अशी मुलं बोलायला लागतात. देऊ का त्याला?"

मी विचारलं, दूध कशात आणलं? कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटलीत. कधी काढलेलं? परवा पहाटे. उकळलंत का?

"नाही. ग्रुपवर लिहिलंय, कच्चंच द्यायचं. उकळलं की गुण जातो म्हणे."

मी एवढंच म्हटलं, "ताई, हे आज देऊ नका. डॉक्टरांना विचारा. मीही नीट वाचते आणि तुम्हाला सांगते." खरं सांगायचं तर त्या दिवशी मला यापेक्षा जास्त उत्तर देता आलं नाही. नंतर जे वाचलं ते इथे लिहिते आहे, कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. आपल्या चिखलीत, तळवड्यात, मोशीत कितीतरी पालक ट्रकवर, कंपनीत, शिफ्टमध्ये आहेत. राजस्थानातून आलेली कुटुंबंही बरीच आहेत. गावाकडून कोणीतरी दूध किंवा त्याची पावडर आणतंच.

उंटीण दूध देते तरी कशी?

आपल्या मुलांनी उंट पाहिलेला असतो तो जत्रेत, नाहीतर सोसायटीच्या गेटवर फेरी मारायला आलेला. फेरीचे ते उंट बहुतेक नर असतात. त्यामुळे "उंट दूध देतो?" असं विचारून मुलं हसतात.

उंटिणीचा गर्भकाळ सुमारे १३ महिन्यांचा. साधारण दोन वर्षांतून एकदा एक पिल्लू होतं. पिल्लू जवळ आलं, त्याने सडाला तोंड लावलं की मगच ती पान्हा सोडते. पान्हा फुटला की धार काढायला वेळ थोडाच मिळतो, एक-दोन मिनिटांचा. म्हणून धार काढणारा उभाच राहतो. एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर टेकवतो, मांडीवर भांडं तोलून धरतो आणि दोन्ही हातांनी भराभर धार काढतो. चार सडांपैकी दोन आपल्याला आणि दोन पिल्लाला, अशी पद्धत अनेक पशुपालक पाळतात. पिल्लाचा वाटा सोडला तर आपल्याकडच्या उंटिणीकडून दिवसाला साधारण तीन ते पाच लिटर दूध मिळतं.

म्हणजे हे दूध मुळातच कमी. गोठ्यात पन्नास म्हशी बांधून डेअरी चालवावी तसं इथे चालत नाही. उंटिणी रानात चरतात, कळप फिरत असतो, आणि दूध गोळा करायला गाडीला त्यांच्या मागे जावं लागतं. दूध महाग का असतं, याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

चव आणि गुण

दूध पांढरंशुभ्र, पातळ आणि फेसाळ असतं. चव किंचित खारट. उंटीण काय चरली आणि तिला पाणी किती मिळालं यावर ती चव बदलते. तापवलं तर म्हशीच्या दुधासारखी जाड साय येत नाही. दही नीट लागत नाही, विरजण घातलं तरी पातळ, सैलसर राहतं. दूध घट्ट व्हायला मदत करणारं एक प्रथिन, कापा केसिन, यात फार कमी असतं हे त्याचं एक मोठं कारण. त्यामुळे "उंटिणीचं शुद्ध दूध" म्हणून घेतलेल्या दुधाचं कवडी दही लागलं, तर त्यात गाई-म्हशीचं दूध मिसळल्याची शंका घ्यायला जागा आहे.

पोषणाच्या दृष्टीने हे चांगलं दूध आहे. गाईच्या दुधापेक्षा 'क' जीवनसत्त्व जास्त, साधारण तिप्पट. वाळवंटात ताजी फळं-भाज्या कमी, तिथे याचं मोल मोठं होतं. प्रथिनं आणि कॅल्शियम आहेतच.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. गाईच्या दुधातलं बीटा लॅक्टोग्लोब्युलिन नावाचं प्रथिन उंटिणीच्या दुधात नसतं. ज्या मुलांना गाईच्या दुधाची अॅलर्जी असते, त्यांच्यापैकी काहींना हे दूध चालतं. पण 'काहींना', सगळ्यांना नाही. आणि ते चालतं का हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच बघायचं. शिवाय अॅलर्जी वेगळी आणि लॅक्टोज न पचणं वेगळं. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, उंटिणीच्या दुधातही असते, जवळपास गाईच्या दुधाइतकीच.

मुंबईला रेल्वेने आलेलं दूध

एप्रिल २०२० मध्ये कडक लॉकडाऊन होता. मुंबईतल्या एका आईने ट्विटरवर थेट पंतप्रधानांना लिहिलं की माझ्या लहान मुलासाठी उंटिणीचं दूध हवंय आणि ते कुठेच मिळत नाहीये. ओडिशातल्या एका आयपीएस अधिकाऱ्याने ते पुढे पोचवलं. रेल्वेच्या अधिकाऱ्यांनी मनावर घेतलं. लुधियानाहून वांद्रे टर्मिनसला येणारी मालाची एक गाडी होती. राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या फालना स्टेशनवर तिला थांबा नव्हता. तरी ती तिथे थांबवली, दूध चढवलं आणि २० लिटर दूध मुंबईत पोचलं. त्या कुटुंबाने त्यातलं थोडं दूध शहरातल्या दुसऱ्या गरजू घरालाही दिलं.

ही बातमी खूप फिरली. वाचणाऱ्यांच्या डोक्यात राहिलं ते एवढंच : स्वमग्न मूल आणि उंटिणीचं दूध. त्यानंतर "हे स्वमग्नतेवरचं औषध" असे मेसेज बघायला मिळतात.

पण त्या आईने लिहिलेलं नीट वाचा. मुलाला स्वमग्नता आहे, *आणि* खाण्याच्या पदार्थांची तीव्र अॅलर्जी आहे, असं तिचं म्हणणं होतं. हे दूध आणि थोड्याफार डाळी एवढ्यावरच तो जगतोय, असं ती सांगत होती. म्हणजे त्या मुलासाठी ते दूध जेवण होतं. त्याला चालणाऱ्या मोजक्या गोष्टींपैकी एक. रेल्वेने थांबा दिला तो एका मुलाच्या अन्नासाठी. आपण मेसेज पुढे ढकलताना अन्नाचं औषध करून टाकलं.

मग औषध म्हणून काहीच नाही का?

अभ्यास झालेत, ते नाकारायचं नाही.

मधुमेहाचं बघू. बिकानेरच्या सरदार पटेल मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी टाइप १ मधुमेहाच्या रुग्णांना रोज अर्धा लिटर उंटिणीचं दूध दिलं. दूध पिणाऱ्या गटाला इन्सुलिनचा डोस कमी लागला असं दिसलं. पण रुग्ण अगदी मोजके होते, आणि सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्तातली साखर तपासत चाललं होतं. 'दूध सुरू केलं, आता इन्सुलिन बंद' असं कोणीही सांगितलेलं नाही. टाइप १ च्या मुलाचं इन्सुलिन घरच्या घरी बंद केलं तर काही दिवसांत जीवावर बेतू शकतं. आपल्या वर्गात असं मूल असेल तर हे वाक्य पालकांना दोनदा सांगा.

स्वमग्नतेचं बघू. सौदी अरेबियात काही छोटे अभ्यास झाले. मुलं थोडी, कालावधी काही आठवड्यांचा. थोडा फरक दिसल्याची नोंद आहे. पण एवढ्यावरून उपचार ठरत नाही. स्वमग्नतेवरचा उपचार म्हणून हे दूध मान्य झालेलं नाही. मुलांना खरी मदत होते ती स्पीच थेरपीने, ऑक्युपेशनल थेरपीने, घरी आणि शाळेत धीराने रोज केलेल्या सरावाने. ते काम सावकाश चालतं आणि डोळ्यांना पटकन दिसत नाही, म्हणूनच बाटलीतला चमत्कार आपल्याला ओढतो. त्यात आई-वडिलांची चूक नाही. पण महिन्याचे पैसे मोजकेच असतील आणि दूध की थेरपी असा प्रश्न पडला, तर थेरपी सोडू नका.

धारोष्ण आणि निरसं

आता सर्वांत महत्त्वाचं. आपल्याकडे धारोष्ण दुधाचं कौतुक फार. आजोबा सांगतात, "आम्ही गोठ्यात बसून कासेखालचं दूध प्यायचो, म्हणून हाडं घट्ट." त्यामुळे निरसं, म्हणजे न तापवलेलं दूध म्हटलं की ते जास्त अस्सल वाटतं.

पण निरशा दुधातून आजार येतात, आणि त्यातला एक फार चिवट आहे : ब्रुसेलोसिस. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, उंट, सगळ्यांमध्ये तो असू शकतो. माणसाला झाला तर ताप चढतो-उतरतो, रात्री घाम फुटतो, सांधे दुखतात, थकवा जात नाही. आठवडेच्या आठवडे हे चालतं. साधा ताप समजून लोक गोळ्या घेत राहतात. जनावर बाहेरून तर धडधाकट दिसतं.

याची एक गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिकांना असाच ताप यायचा. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरांनी १८८७ मध्ये त्याचा जंतू शोधला. पण तो शरीरात येतो कुठून, हे अठरा वर्षं कळेना. १९०५ मध्ये माल्टाचेच डॉ. थेमिस्टोक्लीस झामिट यांना तो शेळ्यांमध्ये सापडला. शेळ्या दिसायला ठणठणीत होत्या. सैनिकांच्या जेवणातून शेळीचं दूध काढलं आणि त्यांच्यातला ताप झपाट्याने कमी झाला. ब्रूस यांच्या नावावरूनच आजाराचं नाव ब्रुसेलोसिस.

उंटांच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. २०१२ मध्ये सौदी अरेबियात मर्स नावाचा श्वसनाचा गंभीर आजार सापडला आणि त्याचा विषाणू उंटांमध्ये आढळला. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने उंटिणीचं कच्चं दूध पिऊ नये असा स्पष्ट सल्ला दिला.

"पण उंटवाले स्वतः कच्चं पितात, त्यांना काही होत नाही," असं कोणी म्हणेल. होतं. ब्रुसेलोसिस हा जनावरांसोबत काम करणाऱ्यांचा आजार म्हणूनच ओळखला जातो. फक्त रानात ताप आलेल्या माणसाची बातमी ग्रुपवर येत नाही.

उकळल्याने गुण जातो का? 'क' जीवनसत्त्व थोडं कमी होतं, काही नाजूक प्रथिनं बदलतात. कॅल्शियम राहतं, पोषण राहतं. तेवढ्या तोट्यापायी लेकराला महिनाभराचा ताप द्यायचा का, एवढाच हिशोब आहे.

घ्यायचंच असेल तर

उंटिणीचं दूध वाईट नाही. राजस्थान-कच्छला सहलीला गेलात तर जरूर प्या. फक्त एवढं पाळा :

१. थेट पशुपालकाकडून घेतलं तर तिथेच उकळून घ्या. चूल असतेच, चहा तर याच दुधाचा मिळतो. तो निर्धास्त प्या.

२. न तापवलेलं दूध बाटलीत भरून चिखलीपर्यंत आणू नका. दीड-दोन दिवसांचा प्रवास, ट्रकच्या केबिनचं ऊन. उंटिणीचं दूध गाईच्या दुधापेक्षा थोडं जास्त टिकतं हे खरं, पण त्यामुळे आजाराचे जंतू मरत नाहीत.

३. घरी आणलेल्या दुधाला ढवळत नीट उकळी येऊ द्या, गार करून फ्रिजमध्ये ठेवा.

४. पाश्चरीकरण केलेलं, सीलबंद, तारीख छापलेलं घेणं सगळ्यात सोपं. भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये उंटिणीच्या दुधासाठी मानक ठरवलं. अमूलने जानेवारी २०१९ मध्ये कच्छमधल्या उंटिणींचं दूध अर्ध्या लिटरच्या बाटलीत ५० रुपयांना आणलं. सुरुवातीला ते अहमदाबाद, गांधीनगर आणि कच्छमध्येच मिळायचं, आणि फ्रिजमध्ये तीन दिवस टिकायचं. ऑनलाइन मिळणारी पावडर याच्या कितीतरी पट महाग पडते.

५. पहिल्यांदा अर्धा कपच प्या. सवय नसलेल्याचं पोट सैल होतं.

६. वर्षाच्या आतल्या बाळाला नाही. अॅलर्जी असलेल्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

उंट पाळणाऱ्यांचं काय?

हा सगळा सावधपणा वाचून उंटवाल्यांबद्दल कोणाच्या मनात अढी बसू नये. त्यांची बाजूही मुलांना कळली पाहिजे.

राजस्थानात राईका, कच्छमध्ये रबारी आणि जत हे पिढ्यानपिढ्या उंट पाळणारे समाज. आपल्याकडे धनगर जसे सुगीनंतर शेतात मेंढ्या बसवतात आणि शेताला खत मिळतं, तसंच कच्छचे रबारी मेंढ्या आणि उंट घेऊन वर्षानुवर्षं आपल्या विदर्भात येतात. त्यांच्या उंटांवर सगळा संसार लादलेला असतो. राईकांमध्ये पूर्वी उंटिणीचं दूध विकणं पाप मानायचे. दूध घरच्यांना, पाहुण्याला आणि गरजूला द्यायचं. उत्पन्न व्हायचं ते उंट विकून.

मग ट्रॅक्टर आले, टेम्पो आले, ओझ्यासाठी उंट कोणाला लागेना. चराईची रानं आक्रसली. पशुगणनेनुसार देशात २०१२ साली सुमारे ४ लाख उंट होते, २०१९ साली सुमारे अडीच लाख राहिले. राजस्थानने २०१४ मध्ये उंटाला राज्यपशूचा दर्जा दिला, २०१५ मध्ये कत्तलीवर बंदी आणणारा आणि उंट राज्याबाहेर नेण्यावर निर्बंध घालणारा कायदा केला. पण उंट विकताच येत नसेल आणि त्याच्यापासून मिळकतही नसेल, तर तरुण पोरगा उंटामागे का फिरेल?

दुधाचं महत्त्व इथे आहे. कच्छमध्ये उंटपालकांनी २०११ मध्ये आपली संघटना बांधली. पुढे तिथल्या सरहद डेअरीने त्यांचं दूध घ्यायला सुरुवात केली आणि लिटरमागे ५० रुपयांच्या आसपास भाव मिळू लागला. कच्छमध्येच खाराई नावाचा उंट आहे. तो समुद्राच्या खाडीत पोहत जाऊन तिवरं खातो. त्याला २०१५ मध्ये स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. बिकानेरला १९८४ पासून उंटांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, तिथे या दुधाची कुल्फीसुद्धा मिळते. चहा, कुल्फी, साधं दूध म्हणून लोक हे रोज घेऊ लागले तर उंटवाला टिकेल. चमत्काराच्या नावावर झालेला खप मात्र चमत्कार दिसला नाही की थांबतो. मग आईचे पैसे जातात आणि उंटवाल्याचं गिऱ्हाईकही.

वर्गात काय घेता येईल?

*नकाशा* : चिखली, वांद्रे, फालना, बिकानेर, भुज शोधा. लुधियानाहून वांद्र्याची गाडी कोणकोणत्या राज्यांतून आली असेल?

*गणित* : ४ लाख उंटांचे अडीच लाख झाले. शेकडा किती घट? (सुमारे ३७.) एका उंटिणीचं दूध दिवसाला ४ लिटर धरलं तर २० लिटरसाठी किती उंटिणी लागतील?

*विज्ञान* : दूध नासतं का, विरजतं कसं, उकळल्याने काय होतं. माल्टाची गोष्ट इथे सांगा.

*भाषा* : निरसं, धारोष्ण, पान्हा, कास, सड, विरजण, साय. हे शब्द किती मुलांना माहीत आहेत ते बघा. घरी आजी-आजोबांना विचारून यायला सांगा.

*विचार* : घरच्या ग्रुपवर आलेला आरोग्याचा एक मेसेज मुलांनी आणावा. त्यावर तीन प्रश्न विचारा. हे कोणी तपासलं? किती जणांवर? डॉक्टर काय म्हणतात?

त्या आईला मी हे सगळं सांगितलं. तिने ते दूध मुलाला दिलं नव्हतं, ओतून टाकलं होतं. "एवढ्या लांबून आणलं होतं हो ह्यांनी," असं म्हणताना तिचे डोळे भरून आले. मला तेव्हा बाटलीपेक्षा तो बाप दिसत होता. रात्रभर गाडी चालवून, रस्त्याकडेला थांबून, लेकरासाठी दूध मागणारा. त्याची माया खरी होती. फक्त तिला नीट माहिती मिळाली नव्हती, आणि ती द्यायचं काम आपलं आहे.

मुलगा थेरपीला जातो आहे. गेल्या आठवड्यात त्याने वहीत उंट काढला. खाली पिल्लूही काढलं होतं.